ऑपरेशननंतरचा पेट स्कॅन आणि फसवी चमक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मी स्कॅनचे अहवाल लिहितो. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न अहवाल हातात पडल्यावर आणि डॉक्टरांची भेट व्हायच्या आधी आलेले आहेत, त्यामुळे त्यांत घबराट आहे. ती तशीच ठेवली आहे. एकच उत्तर दोन ठिकाणी लागलं तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आईचं आतड्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. पेट स्कॅनमध्ये टाक्यांच्या जागी "वाढीव अपटेक" लिहून आलंय. कॅन्सर परत आला का?

एवढ्या एका ओळीवरून तसं म्हणता येत नाही, आणि महिन्याभरात तर नाहीच. पेट स्कॅनला कॅन्सर ओळखता येत नाही. शरीरात कुठल्या पेशी साखर जास्त ओढतायत, एवढंच त्याला कळतं. या ओढण्यालाच अहवालात अपटेक म्हणतात. कॅन्सरच्या पेशी ओढतात हे खरं, पण कापलेली जागा भरून काढणाऱ्या पेशीही ओढतात. ऑपरेशननंतर तिथे आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मग मॅक्रोफेज या सफाईच्या पेशी येऊन मेलेल्या पेशी साफ करतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, फायब्रोब्लास्ट या पेशी व्रण तयार करतात. या सगळ्याला ऊर्जा लागते. पडद्यावर दोन्हीकडे उजेड सारखाच दिसतो.

म्हणून चमकेचा आकार पाहायचा असतो. आतड्याच्या जोडावर रेषेसारखी, पातळ, सगळीकडे साधारण एकसारखी चमक असेल तर ती बहुधा भरत असलेली जखम असते. जोडाच्या एका बाजूला ठळक गोळा असेल आणि सीटीवरही तिथे गाठ दिसत असेल, तर ती पुढे तपासावी लागते. शिवाय एक गोष्ट आवर्जून विचारा : अहवाल लिहिणाऱ्याला ऑपरेशनची तारीख माहीत होती का? माझ्या मते निम्मा गोंधळ इथेच सुरू होतो (प्रश्न १५ पाहा).

२. साखरेने कॅन्सर दिसतो म्हणजे साखर खाल्ल्याने तो वाढतो का? गोड बंद करू?

नाही. शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोज वापरते. तुम्ही गोड सोडलंत तर यकृत ते तयार करतं. स्कॅनमध्ये टोचतात ते एफडीजी, म्हणजे ग्लुकोजसारखा रेणू, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पण पुढे पचवू शकत नाही, आणि ते आत अडकून बसतं. फ्लोरिन-१८ चं अर्धं आयुष्य सुमारे ११० मिनिटं. म्हणूनच औषधाची गाडी उशिरा आली की सकाळची वेळ दुपारवर जाते आणि तुमचा उपास लांबतो. सेंटरवाल्यांवर चिडू नका.

३. ऑपरेशननंतर किती दिवसांनी स्कॅन करावा?

मोठ्या ऑपरेशननंतर साधारण ६ आठवडे. नुसती सुईने बायोप्सी झाली असेल तर आठवडा-दहा दिवस पुरतात. केमोनंतर किमान १० दिवस, शक्यतो ३ आठवडे. लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) सगळे उपचार संपल्यानंतरच्या शेवटच्या स्कॅनसाठी ६ ते ८ आठवडे थांबतात. रेडिएशननंतर, म्हणजे लोक ज्याला शेक म्हणतात त्यानंतर, ८ ते १२ आठवडे. पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही धरा. त्याने पाठीच्या मणक्यापासून मांडीच्या हाडापर्यंत सगळी मज्जा एकसारखी उजळते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला कॅन्सर हाडाहाडात पसरल्यासारखा वाटतो.

हे आकडे सर्वसाधारण आहेत. जखमेत पू झाला, टाके उसवले, पुन्हा उघडावं लागलं, तर ६ आठवडे त्या शेवटच्या दिवसापासून मोजायचे.

४. एवढं थांबलो आणि तेवढ्यात पसरला तर?

ही भीती अगदी रास्त आहे. पण स्कॅन कुठल्या प्रश्नासाठी करायचा आहे, त्यावर थांबायचं की नाही ते ठरतं. ऑपरेशन पोटाचं आणि शंका फुफ्फुसाची असेल, तर थांबायचं कारण नाही. जखमेची चमक पोटात आहे, ती फुफ्फुस झाकत नाही. पुढची केमो ठरवायला घाई असेल तरीही डॉक्टर लवकर स्कॅन सांगतात, फक्त तेव्हा ऑपरेशनच्या जागेबद्दल तो काही सांगणार नाही हे धरून चालायचं. थांबायचं ते फक्त "कापलेल्या जागी काही उरलंय का?" या प्रश्नासाठी. त्या प्रश्नाचं लवकर मिळालेलं उत्तर अनेकदा दुसऱ्या ऑपरेशनच्या चर्चेपर्यंत नेतं.

५. एसयूव्ही ८.२ आलंय. किती असलं की कॅन्सर समजायचा?

एसयूव्ही म्हणजे एखादी जागा एफडीजी किती ओढते त्याचं माप. अमुकच्या वर कॅन्सर, असा आकडा नाही. २.५ च्या वर म्हणजे कॅन्सर हा जुना ठोकताळा अजून फिरतो. त्याच्यावर विसंबू नका. एसयूव्ही वजनावर, रक्तातल्या साखरेवर, इंजेक्शननंतर किती मिनिटांनी स्कॅन घेतला त्यावर आणि मशीनवर बदलतं. पू भरलेल्या गळवाचं एसयूव्ही १० च्या पुढे जाऊ शकतं आणि काही संथ वाढणाऱ्या कॅन्सरचं ३ पर्यंतही पोचत नाही. आकड्याचा खरा उपयोग म्हणजे त्याच माणसाचा, त्याच मशीनवरचा, सारख्या तयारीने केलेला आधीचा स्कॅन शेजारी ठेवून तुलना करणं.

दोन तासांनी पुन्हा फोटो काढून "कॅन्सरची चमक वाढते, जखमेची कमी होते" असं पाहण्याची एक पद्धत आहे. आपल्याकडे ती फार भरवशाची नाही, कारण टीबीची चमकही वाढते (प्रश्न १०).

६. आता वर्ष झालं. तरी त्याच जागी चमकतंय. आता तरी कॅन्सरच ना?

बहुतेक जखमा काही महिन्यांत शांत होतात, त्यामुळे वर्षानंतरची चमक गंभीरपणे घ्यावी हे बरोबर. पण काही गोष्टी वर्षानुवर्षं चमकत राहतात, आणि त्या ओळखता आल्या तर बायोप्सी टळते.

पहिली, टाक्यांची गाठ. न विरघळणाऱ्या धाग्याभोवती, विशेषतः रेशमी धाग्याभोवती, शरीर पेशींचा वेढा घालतं. बारीक, गोल, चमकणारी गाठ तयार होते. हर्नियाच्या जाळीभोवतीही असंच होतं, फक्त तिथली चमक जाळीच्या आकाराने पसरलेली असते.

दुसरी गोष्ट टाल्कची. छातीत वारंवार पाणी होऊ नये म्हणून फुफ्फुसाच्या आवरणात टाल्कची पूड टाकतात. तिथे मुद्दामच सूज आणायची असते, म्हणजे दोन पापुद्रे चिकटतात. ती सूज अनेक वर्षं चमकते, तीही भरपूर. सीटीवर टाल्क पांढरं, दाट दिसतं. चमक नेमकी त्या पांढऱ्या थरावर असेल तर उत्तर मिळालं. पण टाल्क टाकल्याचं कुणी सांगितलंच नसेल तर "आवरणावर कॅन्सर पसरला" असं लिहिलं जातं. नातेवाईकांना "पाणी काढलं" एवढंच आठवतं. डिस्चार्ज कार्ड शोधा.

तिसरी गोष्ट धातूची. सांध्याचं रोपण, क्लिपा, केमोचं पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी). सीटीच्या मदतीने पेटचा उजेड दुरुस्त करताना धातूभोवती तो खोटाच वाढतो. दुरुस्ती न केलेले फोटो उघडले की ही चमक नाहीशी होते. हे अहवाल लिहिणाऱ्याने पाहायचं असतं, पण "धातूमुळे असेल का?" असं विचारायला हरकत नाही.

चौथी आणि दुर्मिळ : आत राहून गेलेला गॉजचा तुकडा. मध्ये काळं आणि भोवती चमकणारी कडा, असा तो दिसतो. गळूही असंच दिसतं. दोन्हींत सर्जनला दाखवायला उशीर नको.

गुदाशयाच्या ऑपरेशनचा एक वेगळाच घोटाळा आहे. गुदाशय पूर्ण काढला की मागे माकडहाडासमोर पोकळी उरते, आणि मूत्राशय किंवा गर्भाशय मागे सरकून ती व्यापतं. एफडीजी लघवीतून बाहेर पडतं, त्यामुळे सरकलेलं मूत्राशय नेमकं कॅन्सर परतायच्या जागी झगझगतं. अशा रुग्णाने लघवी करून पुन्हा फोटो काढला की बऱ्याचदा शंका मिटते.

७. बाबांच्या गालाचं ऑपरेशन झालं, छातीवरचं मांस लावलं, नंतर शेक दिला. जबड्यात अपटेक आलाय.

महाराष्ट्रात मिश्री, गुटखा, तंबाखू यांमुळे हा प्रश्न सतत येतो. शक्यता तीन आहेत आणि तिन्ही एकाच फोटोत असू शकतात. लावलेल्या मांसाच्या कडेची भरत असलेली जखम. शेकामुळे जबड्याचं हाड मरणं, ज्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. आणि परत आलेला कॅन्सर. हाड उघडं पडलंय का, तोंडातून वास किंवा पू येतोय का, दात काढल्यानंतर सुरू झालं का, हे तोंड उघडून बघणाऱ्या डॉक्टरला आधी कळतं. इथे स्कॅनपेक्षा टॉर्च जास्त उपयोगी, असं मी बिनदिक्कत सांगतो.

शेकानंतर मानेचा स्कॅन १२ आठवड्यांनी करण्यामागे भक्कम आधार आहे. ब्रिटनमधल्या पेट-नेक चाचणीत ५६४ रुग्ण होते, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. केमो आणि शेक संपल्यावर १२ आठवड्यांनी पेट करून, गरज दिसली तरच मानेचं ऑपरेशन करायचं, असं केलं तरी जगण्याचं प्रमाण सरसकट ऑपरेशन करण्याइतकंच राहिलं.

आणखी दोन बारीक गोष्टी. स्कॅनच्या दिवशी तंबाखू, सुपारी, च्युइंगम काहीही चघळू नका. जबड्याचे स्नायू उजळतात. आणि ऑपरेशनमध्ये एका बाजूची स्वरतंतूची नस गेली असेल तर दुसरी, चांगली बाजू जास्त काम करते आणि तीच चमकते. तिथे सुई घालायची गरज नसते.

८. स्तनाच्या ऑपरेशननंतर त्याच जागी कडक गाठ लागतेय. मॅमोग्राफी आणि पेट दोन्ही संशयास्पद.

चरबीचा भाग रक्तपुरवठा तुटल्याने मरतो, त्याची गाठ होते. तिला फॅट नेक्रोसिस म्हणतात. ती महिन्यांनी, कधी वर्षांनीही जाणवते. हाताला कॅन्सरसारखी कडक लागते, त्वचा आत ओढते, पेटवर चमकते. मॅमोग्राफीत तेलाची पिशवी आणि तिच्या कडेला अंड्याच्या कवचासारखा कॅल्शियमचा थर दिसला, किंवा एमआरआयमध्ये गाठीच्या आत चरबी दिसली, तर निदान जवळपास पक्कं. नाही दिसलं तर सुईची बायोप्सी, आणि ती टाळू नये.

काखेतल्या गाठींचं कारण कधी लस असते. २०२१ मध्ये कोविडच्या लसीनंतर हे जगभर दिसलं. म्हणून ज्या बाजूचा आजार, त्याच्या विरुद्ध दंडात लस घ्या आणि स्कॅनच्या वेळी तारीख सांगा. एफडीजीही विरुद्ध हातात टोचून घ्यावं. शिरेबाहेर थोडं सांडलं तरी त्या बाजूच्या काखेत चमक येते.

९. मेंदूच्या गाठीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी एमआरआय केला. तुम्ही तर ६ आठवडे थांबा म्हणता!

ते पेटचं. मेंदूत उलट नियम आहे. ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत, शक्य तर ४८ तासांतच, एमआरआय करतात, कारण कापलेल्या कडा एमआरआयसाठी शिरेतून दिलेलं औषध शोषून उजळायला त्यानंतर लागतात. पहिल्या तीन दिवसांतलं उजळणं म्हणजे बहुधा उरलेली गाठ. त्यानंतरचं ओळखणं कठीण.

आणखी एक सापळा. ऑपरेशनच्या कडेला मेंदूचा छोटासा भाग रक्त न मिळाल्याने मरतो. पहिल्या एमआरआयमध्ये तो डिफ्युजन नावाच्या खास फोटोंत दिसतो, आणि काही आठवड्यांनी नेमका तोच उजळून नवी गाठ वाटतो. म्हणून तो पहिला एमआरआय जपून ठेवायचा.

केमो-रेडिएशननंतर पहिल्या तीन महिन्यांत गाठ वाढल्यासारखी दिसून मग आपोआप कमी होणं, ही खोटी वाढ, ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कॅन्सरमध्ये ओळखीची आहे. त्या काळातल्या एका एमआरआयवरून उपचार बंद करायला न्यूरो-ऑन्कॉलॉजिस्ट तयार नसतात ते यामुळे. एफडीजीचा इथे फारसा उपयोग नाही. मेंदू मुळातच साखरेवर चालतो, सगळाच उजळलेला असतो.

१०. फुफ्फुसाचं ऑपरेशन झालं. आता छातीच्या मधल्या गाठी चमकतायत. टीबी असू शकतो?

असू शकतो, आणि आपल्या देशात हा विचार पहिल्या पानावर असायला हवा. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठींचा अहवाल काय होता ते आधी पाहा. आता नमुना घ्यायचा ठरला, तर श्वासनलिकेत दुर्बीण घालून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने घेतात. तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये, अशी विनंती करा. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, होत नाही. थोडा भाग सलाइनमध्ये वेगळा, जीनएक्स्पर्ट (टीबीची झटपट तपासणी) आणि कल्चरसाठी. हे न झाल्याने पुन्हा सुई घालायची वेळ आलेले रुग्ण दर काही महिन्यांनी भेटतात.

११. स्कॅन बरा आहे, पण रक्तातला मार्कर वाढलाय.

मार्कर म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ. तेही जखमेने फसतात. अंडाशयाच्या कॅन्सरचा सीए-१२५ पोटाच्या आवरणाला डिवचलं की वाढतो, त्यामुळे पोटाच्या कुठल्याही ऑपरेशननंतर काही आठवडे तो वर राहू शकतो. पोटातल्या टीबीतही वाढतो. आतड्याच्या कॅन्सरचा सीईए गाठ पूर्ण निघाली असेल तर ४ ते ६ आठवड्यांत खाली यायला हवा. सिगारेट ओढणाऱ्यांचा तो मुळातच थोडा जास्त असतो, आणि केमोच्या सुरुवातीच्या आठवड्यांत काही काळ उगाच चढतो. एका चाचणीवर निर्णय नको. त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. दर वेळी चढत गेला तर मात्र स्कॅन.

१२. मुलाला लिम्फोमा होता, केमो संपली. स्कॅनच्या आदल्या दिवशी ढोल पथकाच्या सरावाला गेला. आता खांदे, दंड आणि छातीच्या मध्यात चमक आलीय.

खांदे-दंड ढोलाचे. कामाने थकलेले स्नायू साखर ओढतात, म्हणून स्कॅनच्या आधी २४ तास व्यायाम नको. ढोल नको, सकाळी तळजाईची चक्करही नको.

छातीच्या मध्यातली चमक वेगळी. लहान आणि तरुण मुलांत केमोनंतर थायमस ग्रंथी पुन्हा वाढते आणि उजळते. तिचा आकार दोन पाकळ्यांसारखा, कडा नीट, आणि जागा ठरलेली. जुनी गाठ तिथे नव्हती हे आधीच्या स्कॅनवरून दिसलं की बहुतेक वेळा थांबून पाहतात. डिसेंबरच्या थंडीत कुडकुडत आलेल्या सडपातळ मुलांमध्ये मानेतली तपकिरी चरबीही चमकते. स्वेटर घालून या, एसीच्या खोलीत पांघरूण मागा.

मधुमेह असेल तर साखर २०० च्या खाली हवी. मेटफॉर्मिनने आतडी उजळतात. पोटाचा प्रश्न असेल तर ती गोळी दोन दिवस आधी थांबवतात, पण स्वतःहून नव्हे, डॉक्टरांना विचारून.

१३. बायोप्सी करावी की दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन?

पुढचा उपचार बदलणार असेल आणि जागा सुईने गाठता येत असेल, तर बायोप्सी. चमक जखमेच्या रेषेवर असेल, सीटीवर गाठ नसेल, मार्कर शांत असतील आणि ६ आठवडे पुरे झालेले नसतील, तर ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन. या दोन टोकांमधल्या रुग्णांचा निर्णय ट्यूमर बोर्डात व्हावा, जिथे सर्जन, ऑन्कॉलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि स्कॅन वाचणारा एका टेबलावर बसतात. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत असे बोर्ड भरतात. तुमची केस तिथे ठेवा असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

सुई रिकामी आली म्हणजे कॅन्सर नाही, असंही नाही. ती नेमक्या चमकणाऱ्या भागातून घेतली होती का, ते विचारा.

१४. उलटंही होतं का? "ऑपरेशनमुळे आहे" म्हणून सोडलं आणि कॅन्सर निघाला?

होतं. हे सगळं वाचून कुणी निर्धास्त होणार असेल तर हा प्रश्न दोनदा वाचा. जखमेची चमक वेळेबरोबर मंद होते. दोन स्कॅनमध्ये ती वाढली, सीटीवर नवा मांसल भाग आला, वेदना वाढत गेली, मार्कर चढला, तर "जखमेचं" म्हणून पुढे ढकलायचं नाही. काही कॅन्सर, उदाहरणार्थ चिकट म्यूकस तयार करणारे, एफडीजी कमीच ओढतात. त्यांत चमक मंद असणं दिलाशाचं लक्षण नाही. केमो संपताच केलेल्या स्कॅनमध्ये जिवंत पेशीही तात्पुरत्या दबलेल्या असतात आणि सगळं स्वच्छ दिसतं. वेळेआधीचा स्कॅन दोन्ही बाजूंनी फसवतो.

प्रोस्टेटच्या एमआरआयचंही इथेच सांगतो. बायोप्सीमुळे ग्रंथीत रक्त साठतं, ते कॅन्सर झाकतं किंवा कॅन्सर असल्याचा भास निर्माण करतं. म्हणून एमआरआय बायोप्सीच्या आधी. राहून गेला असेल तर ६ ते ८ आठवड्यांनी.

१५. स्कॅनला जाताना सोबत काय न्यावं?

साताऱ्याहून, नगरहून, बारामतीहून लोक पहाटे निघून येतात आणि फाइल घरी राहते. नंतर फोनवरून "काहीतरी आतड्याचं" एवढंच कळतं, आणि अहवालही तसाच मोघम होतो. आणा ते असं : डिस्चार्ज कार्ड आणि शक्य झालं तर ऑपरेशनची टिपणी (जाळी, क्लिपा, टाल्क, लावलेलं मांस हे त्यातच असतं), काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजीचा अहवाल, शेवटची केमो आणि शेवटचा शेक यांच्या तारखा, पांढऱ्या पेशींचं इंजेक्शन आणि लस कधी, कुठल्या हातात, जखमेत पू झाला होता का, नळी कधी काढली, पूर्वी टीबी झाला होता का.

आणि आधीच्या स्कॅनची सीडी. छापील फिल्म किंवा मोबाइलवर काढलेला अहवालाचा फोटो तुलनेला पुरत नाही. दुसरं मत घ्यायचं असेल, पुण्यात किंवा परळला, तरी हीच सीडी लागते. एकाच स्कॅनचे दोन ठिकाणी वेगळे अहवाल आले तर आधी हे पाहा की दोघांना सारखीच माहिती दिली होती का. नसेल तर ती देऊन पहिल्याच सेंटरला पुरवणी अहवाल मागता येतो. त्यासाठी पुन्हा स्कॅन करावा लागत नाही.